कॅरव्हॅन घेऊन कोल्हापूर : राधानगरी रोड, फाटलेला टायर आणि ट्रॉलीवाली माणसं

दिवस पहिला : पुणे ते कळंबा

आमची कॅरव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडून ओढायची, एका ॲक्सलची, दोन चाकांची छोटीशी खोली. आत एक बिछाना, एक बाक (रात्री तोच सासूबाईंचा पलंग), शेगडी आणि साठ लिटरची पाण्याची टाकी. 2021 मध्ये राज्य सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तरीही टोलनाक्यावर अजून लोक काच खाली करून विचारतात, "हे काय आहे, आइस्क्रीमची गाडी का?"

जानेवारीअखेरची पहाट, कडाक्याची थंडी. खंबाटकी घाट पहिल्या उजेडात चढलो, साताऱ्याला चहा, कऱ्हाडला जेवण. आम्ही गेलो तेव्हा सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम सुरू असल्याने जागोजागी वळणरस्ते होते. मागे ट्रेलर असेल तर पुणे ते कोल्हापूर या प्रवासाला नेहमीपेक्षा दोन तास जास्त धरा आणि अंधार पडायच्या आत पोचा. साखर कारखाने सुरू असताना रात्री या भागात उसाच्या ट्रॉल्या असतात आणि कित्येकींना मागे लाल दिवा नसतो.

मुक्काम कळंब्याच्या पुढे, सासूबाईंच्या भावाच्या शेतात. मामांनी जोंधळा काढलेला तुकडा आमच्यासाठी सपाट करून ठेवला होता. मामींनी चुलीवर भाकरी टाकल्या. सोबत भरली वांगी, खर्डा आणि ताकातली आंबील. सासूबाई पुण्यात जेवढं बोलतात त्याच्या दुप्पट माहेरी बोलतात, आणि भाषाही बदलते. गाडीतून उतरता उतरता त्या भाच्याला म्हणाल्या, "काय रं, लई वाळलास की!" माझी लेक आजीकडे बघतच राहिली.

दिवस दुसरा : गाव

कॅरव्हॅन शेतातच ठेवून रिक्षाने गावात गेलो. तुम्हीही तसंच करा. पेठांमधल्या गल्ल्यांत ट्रेलर वळवणं शक्य नाही आणि महाद्वार रोडला तर मोटारसुद्धा नको.

सकाळी मिसळ. इथल्या मिसळीचा कट वेगळा येतो आणि तो मागाल तितका मिळतो. पाव म्हणजे जाड कापलेला ब्रेड. दुपारी रंकाळ्यावर फिरलो, संध्याकाळी अंबाबाईच्या देवळात. योग चांगला होता, किरणोत्सवाचा पहिला दिवस. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत थेट गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखावर. आकाश स्वच्छ हवं आणि वाटेत धूळ नको, म्हणून दरवेळी किरणं पोचतीलच असं नाही. त्या दिवशी पोचली. मी खांबाआड टाचा उंचावून उभी होते. पिवळी पट्टी फरशीवरून पुढे पुढे येत होती, आणि शेजारची म्हातारी प्रत्येक टप्प्याला "आली गं बाई, आली" म्हणत होती.

रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. म्हशी तिथेच बांधलेल्या असतात आणि धार समोर काढून देतात. दूध कोमट आणि फेसाळ. लेकीला आधी पटेना, मग तिने दुसरा पेला मागितला.

दिवस तिसरा : राधानगरी रोड

बेत असा होता की कॅरव्हॅन घेऊन राधानगरीला जायचं, तिथे मुक्काम करायचा आणि पहाटे दाजीपूरच्या अभयारण्यात गवे बघायला शिरायचं. रिंगरोडने पुईखडी गाठली आणि राधानगरी रोडला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस. कुठे तुरे आलेला उभा, कुठे तोड चालू. हवेत मळीचा वास. कारखान्याकडे चाललेली वाहनं एकामागे एक : दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलांच्या टायरगाड्या.

मी चालवत होते. हळदी मागे पडलं आणि एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन हात हलवायला लागला. त्याच्यामागे बसलेला ओरडला, "ओ ताई! मागचं चाक बसलंय!"

मला गाडीत काहीही जाणवलं नव्हतं, आणि कुणालाच जाणवत नाही. स्टिअरिंग हातात असतं ते पुढच्या गाडीचं. तिचा टायर बसला तर ती एका बाजूला ओढते. मागच्या ट्रेलरचा बसला तर तो तसाच फरफटत येतो, आणि आरशात फक्त त्याचा कोपरा दिसतो. टायर बसून दोन-चार किलोमीटर तसेच गेले, तर रबर तापून चिंध्या होतात आणि त्या चिंध्या चाकावरच्या पत्र्याला, कधी वायरिंगला, फाडून काढतात. म्हणून ट्रेलर ओढताना कुणी हात केला की थांबायचं.

पण जिथल्या तिथे नाही. आम्ही एका छोट्या पुलाजवळच्या वळणावर होतो, मागून येणाऱ्याला दिसलो नसतो. इंडिकेटर लावून माणसाच्या चालीने तशीच पुढे नेली. सरळ रस्ता लागला, डाव्या हाताला टायरगाड्या सोडायची मोकळी जागा होती, तिथे उतरवली. त्या टायरचं काही उरणार नव्हतंच. रिम वाचली, माणसं रस्त्यापासून लांब आली.

उतरून पाहिलं तर डावं चाक जमिनीला चिकटलेलं आणि टायरच्या बगलेत बोटभर लांबीची चीर. चिरेत लोखंडाचा गंजका तुकडा, बहुतेक कुठल्या तरी ट्रॉलीची तुटलेली खीळ.

नवऱ्याने त्रिकोण काढून मागे पन्नासेक पावलांवर ठेवला. मी जॅक काढत होते, तेवढ्यात समोरच्या ट्रॅक्टरवरून एक पन्नाशीचे गृहस्थ उतरून आले. डोक्याला टॉवेल, हातात उसाचं कांडं. गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून ॲक्सल बघितला आणि पहिलं वाक्य बोलले :

"ट्रॉली सोडवू नगा बरं का. जोडलेलीच ऱ्हाऊ दे. सोडवलासा तर नाकावर पडंल."

एका ॲक्सलचा ट्रेलर गाडीपासून सोडवला की त्याला आधार फक्त पुढच्या छोट्या चाकाचा. एक बाजू उचलली की तो घसरू शकतो. गाडीला जोडलेला असला म्हणजे गाडीचा हँडब्रेक आणि वजन त्याला धरून ठेवतात. हे मी पुस्तिकेत वाचलं होतं. त्यांना ते रोजच्या कामातून ठाऊक होतं. दर हंगामात आठ-दहा टन ऊस मागे घेऊन हिंडणारी माणसं ही. कॅरव्हॅन त्यांच्या लेखी एक हलकी ट्रॉली होती, आणि त्या दिवशी आम्हाला त्याहून चांगली सोबत मिळाली नसती.

मग काम असं झालं. गाडीला हँडब्रेक आणि पहिला गिअर. उजव्या, म्हणजे धड असलेल्या, चाकाच्या पुढे आणि मागे दगड. चाक जमिनीवर असतानाच पाच नट अर्धा-अर्धा फेरा सैल केले. चाक उचलल्यावर नटाला जोर लावला तर ते नुसतं फिरतं आणि अख्खा ट्रेलर जॅकवर हलतो. चार सुटले. पाचवा हलेना. ट्रॅक्टरवाल्या काकांनी ट्रॅक्टरवरून हातभर लांबीचा पोकळ पाइप आणला, पान्याच्या दांड्यावर चढवला आणि एका हाताने खाली दाबला. "टक्क" असा आवाज आला.

जॅक कुठे लावायचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. कॅरव्हॅनच्या चार कोपऱ्यांना पाय असतात. ते उभी असताना डुलू नये म्हणून आहेत, वजन उचलायला नाहीत. त्यांच्यावर गाडी उचलली तर ते वाकतात. खालच्या पत्र्याला किंवा फळीलाही जॅक लावायचा नाही, आरपार जाईल. आमच्या गाडीत ॲक्सलवर, स्प्रिंगच्या पाट्याच्या शेजारी, जागा दिलेली आहे. तुमच्या गाडीची जागा पुस्तिकेत बघून तिथे आधीच रंगाने खूण करून ठेवा. मोटारीसोबत येणारा कात्रीचा जॅक यासाठी कामाचा नाही. आम्ही वेगळा हायड्रॉलिक जॅक बाळगतो.

तो लावला आणि टॉमी मारायला लागले, तर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच जमिनीत चालला. खाली उसाचं पाचट आणि मऊ माती. काकांनी ट्रॉलीतली जाड फळी आणली, पाचट पायाने बाजूला केलं, फळी बसवली. "आत काय वजन हाय?" त्यांनी विचारलं. पाण्याची टाकी सकाळीच भरली होती, म्हणजे साठ किलो, आणि ती नेमकी डाव्या बाजूला.

"मग सोडा की पानी."

नळ सोडणार, एवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. "वतू नका. ती बैलं बघा." बाजूलाच एक टायरगाडी सोडलेली होती. बैल धापा टाकत होते. गाडीवानाने घमेलं आणलं. आमच्या टाकीचं गाळलेलं पाणी घमेल्याघमेल्याने बैलांना पाजलं. एका बैलाचं शिंग पितळी गोंड्याचं होतं आणि तो पिताना गोंडा घमेल्याच्या काठावर किणकिणत होता. लेक त्याच्या समोर उकिडवी बसली ती चाक बदलून होईपर्यंत उठली नाही.

टाकी रिकामी झाली आणि गाडी सहज उचलली गेली. त्या वेळी खाली कुणीही डोकं घालायचं नाही. हातसुद्धा चाकाच्या बाजूनेच. फाटलेलं चाक निघालं, स्टेपनी बसली, नट हाताने फिरवले, मग पान्याने, पण ओळीने नाही. एक घट्ट केला की त्याच्या समोरचा, मग पुढचा, म्हणजे चाक हबवर सरळ बसतं. गाडी खाली घेतली आणि शेवटचा आवळ जमिनीवर. "पन्नास किलोमीटर झालं की परत बघा," काका म्हणाले, "नवं बसलेलं चाक ढिलं पडतंय." पुस्तिकेतही अगदी हेच लिहिलेलं आहे.

एक गोष्ट त्यांनी मुद्दाम केली. आम्ही थांबलो तेव्हा कुणी तरी त्रिकोणामागे रस्त्यावर धोंडे मांडले होते. काम झाल्यावर त्यांनी पोराला पाठवून ते उचलायला लावले. "रातच्याला मोटारसायकलवाला पडतोय त्याच्यावर," एवढंच म्हणाले. रस्त्यात विसरलेले धोंडे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. तुम्ही मांडले असतील तर तुम्हीच उचला, हे मी हात जोडून सांगते.

पैसे द्यायला गेले तर काका म्हणाले, "पैसं नगं. आतलं घर दावा." मग सगळ्यांनीच घर बघितलं. टायरगाडीवरची बाई बीडकडची, ऊसतोडीला आलेली. नेसूचा काष्टा, वरून नवऱ्याचा शर्ट. तिने शेगडीचं बटण फिरवून पाहिलं, बाकाखालचा कप्पा उघडून पाहिला, त्यातला मिसळणाचा डबा पाहिला. "आमचंबी असंच की. सहा महिने घर संगंच," ती म्हणाली. त्यांच्या कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, कारखान्याजवळच्या माळावर होत्या. पहाटे तीनला फडात जायचं, गाडी भरायची, ओढून आणायची, नंबर लागेपर्यंत ताटकळत बसायचं. तिची दोन लेकरं गावी आजीजवळ, तिसरं इथे गाडीवर मोळ्यांच्या वर झोपलेलं. सासूबाईंनी मामींनी बांधून दिलेल्या भाकऱ्या काढल्या आणि दोघी पाचटावर बसून जेवल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. नंतर सासूबाईंनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

स्टेपनीशिवाय पुढे घाटाकडे जाणं बरोबर नव्हतं, म्हणून राधानगरीचा मुक्काम रद्द. परित्याच्या अलीकडे एका पंक्चरच्या दुकानात स्टेपनीची हवा तपासून घेतली. हंगामात तिथे रात्रंदिवस ट्रॉल्यांची चाकं येतात. दुकानदाराने फाटलेला टायर फिरवून बघितला आणि बाजूला टाकला. "तळव्यातलं भोक बुजवता येतंय. बगल फाटली की संपलं." टायर चालताना बगलच सारखी वाकते आणि सरळ होते, तिथे ठिगळ टिकत नाही. ट्रेलरची हवा मोटारीच्या आकड्यावर भरू नका, हेही त्यांनी बजावलं. ट्रेलरच्या पाटीवरचा आकडा धरायचा, आणि तो टायर थंड असताना. ट्यूबलेसच्या दोऱ्या लावायचं किट सोबत असेल तर उत्तम, पण ते फक्त तळव्यासाठी.

परतताना मामांच्या ओळखीच्या गुऱ्हाळावर थांबलो. काहिलीत रस उकळत होता, वर मळी काढणं चालू. गुळव्याने लाकडी पट्टीवर थोडी पाकाची तार घेऊन गार पाण्यात बुडवली, बोटाने मोडली आणि "अजून जरा" म्हणाला. मग काहील वाफ्यात ओतली. गरम गूळ आणि शेंगदाणे, वर उसाच्या कांड्याने उचललेली काकवी. दिवसभराची भूक तिथे भागली.

दिवस चौथा : उद्यमनगर आणि धरण

सकाळी उद्यमनगर. कोल्हापूरला लोक कुस्ती आणि चपलांसाठी ओळखतात, पण या गावाचा अर्धा जीव लेथवर आणि फाउंड्रीत आहे. कोणताही सुटा भाग दाखवा, "करून देतो" म्हणणारा माणूस दोन दुकानं सोडून असतो. टायरवाल्याने आधी आमच्या उजव्या टायरवरचे चार आकडे वाचून दाखवले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे 2319 असं असेल तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. कॅरव्हॅनचे टायर झिजून जात नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. वर नक्षी शाबूत दिसते आणि बगलेला बारीक भेगा पडलेल्या असतात. पाच-सहा वर्षं झाली की नक्षीकडे न बघता बदलायचे. त्यांनी नखाने रबर दाबून आम्हाला भेग उघडून दाखवली. आम्ही दोन्ही बाजूंना नवे टायर घेतले आणि जुना, त्यातल्या त्यात बरा, स्टेपनीला ठेवला. घेताना फक्त माप बघू नका, वजन पेलायचा आकडा ट्रेलरला पुरेसा आहे ना तेही बघा. चाकं निघालीच होती, म्हणून हबचं बेअरिंग उघडून ग्रीस भरून घेतलं. प्रवासात प्रत्येक थांब्याला हबजवळ हाताची मागची बाजू न्यायची सवय लावा. एका बाजूचं हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापत असेल तर तिथे बेअरिंग किंवा ब्रेकचं काही तरी बिघडलं आहे.

दुपारी कॅरव्हॅन शेतात ठेवून नुसत्या गाडीने राधानगरीला गेलो. भोगावतीवरचं हे धरण शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलं. पैशाअभावी काम रखडलं आणि पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. गावाला नाव महाराजांच्या कन्येचं. धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात. काल ज्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस पाहिला तो याच पाण्यावर उभा आहे. जाताना कालच्या मोकळ्या जागेशी थांबलो. दुसऱ्याच टायरगाड्या होत्या, दुसरेच बैल.

रात्री तांबडा-पांढरा. मामींच्या हातचा पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा, खसखशीचा, वरून दिसायला शांत आणि मागून घसा धरणारा.

दिवस पाचवा : नृसिंहवाडी, खिद्रापूर, घर

जयसिंगपूर, शिरोळमार्गे नृसिंहवाडीला कॅरव्हॅन घेऊन गेलो, कारण तिथून थेट पुण्याकडे निघायचं होतं. वाडीत कृष्णा आणि पंचगंगेचा संगम. घाटाकडे उतरणारा रस्ता अरुंद आहे, ट्रेलर गावाबाहेरच्या वाहनतळावर लावा. दर्शन झाल्यावर बासुंदी आणि कवठाची बर्फी. शिरोळजवळ नट परत आवळून पाहिले. एक खरंच पाव फेरा फिरला.

कुरुंदवाडवरून खिद्रापूर. शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं देऊळ कृष्णेच्या काठावर आहे. पुढचा स्वर्गमंडप गोल, अठ्ठेचाळीस खांबांचा, आणि मधोमध छताला मोठं वर्तुळ उघडं. त्याच्या बरोबर खाली तेवढ्याच मापाची गोल शिळा. मी शिळेवर उभी राहिले तर डोक्यावर नुसतं निळं आभाळ आणि काठाला वाकून बघणारे कोरीव दिक्पाल. बाहेर पायथ्याशी हत्तींची रांग देऊळ पाठीवर घेऊन उभी आहे. बऱ्याच हत्तींच्या सोंडा फोडलेल्या आहेत. सासूबाई एकेका हत्तीला हात लावत पूर्ण प्रदक्षिणा करून आल्या. गर्दी अजिबात नव्हती. इतकं देखणं देऊळ कोल्हापूरपासून साठेक किलोमीटरवर आहे आणि अंबाबाईला येणाऱ्यांतले फार थोडे इथवर येतात. खिद्रापूरसाठी अर्धा दिवस ठेवा, पाण्याची बाटली न्या आणि मंडपात मध्यान्हीला पोचा, तेव्हा वरच्या वर्तुळातून ऊन आत येतं.

तीन वाजता निघालो, इचलकरंजीमार्गे महामार्गाला लागलो. किणी, कऱ्हाड, सातारा, प्रत्येक थांब्याला हबला हात लावला. दोन्ही बाजू सारख्याच कोमट होत्या. दाजीपूर राहिलं आहे. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, त्यामुळे थंडीत किंवा उन्हाळ्याच्या तोंडाशी जायचं, आदल्या रात्री राधानगरीत मुक्काम करायचा आणि फाटकावर उजाडायच्या आधी पोचायचं. मामा म्हणाले आहेत, त्या वेळी ते स्वतः सोबत येतील.